बॅग कोणी भरली, पैसे कोणी दिले?

‘प्रवासवर्णन आणि प्रवासमार्गदर्शिका यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा’ हा प्रश्न विद्यार्थी म्हणून मी एकदा सोडवला आणि शिक्षक म्हणून किती वेळा काढला याची गणती नाही. अपेक्षित उत्तर ठरलेले असते. मार्गदर्शिका माहिती देते, प्रवासवर्णन अनुभूती देते. मार्गदर्शिकेत तिकिटाचे दर, उतरण्याची ठिकाणे आणि सामानाची यादी असते. प्रवासवर्णनात लेखकाचे व्यक्तिमत्त्व असते. पहिली कालबाह्य होते, दुसरे टिकते. असे उत्तर लिहिणाऱ्याला मी आजवर दहापैकी सात गुण देत आलो. हे उत्तर चुकीचे आहे, आणि मराठी प्रवासवर्णनाच्या दुरवस्थेत या उत्तराचा मोठा वाटा आहे, असे आता माझे मत झाले आहे. ते कसे झाले, तेवढे सांगण्यासाठी हा लेख.

२०२४ च्या उन्हाळ्यात एक विद्यार्थिनी भेटायला आली. विज्ञान शाखेची, पण आमच्या वाङ्मय मंडळात तीन वर्षे राबलेली. जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात तिला पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. घरातून परदेशी जाणारी ती पहिलीच. तिने विचारले, ‘‘सर, तुम्ही एवढी प्रवासवर्णनं शिकवता. सोबत काय न्यायचं आणि साधारण किती खर्च येतो, हे कशात वाचायला मिळेल?’’ मी कपाटातून तीन पुस्तके काढून दिली. त्यांची नावे सांगत नाही. तिन्ही चांगली आहेत आणि तिन्ही अभ्यासक्रमात लागून गेली आहेत. पंधरा दिवसांनी तिने ती परत आणून दिली. म्हणाली, ‘‘छान आहेत सर. पण यात पैशांचं काहीच नाही.’’

तिला हव्या असलेल्या पैशांचा तपशील असा होता. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क जवळजवळ नसते, हे खरे. पण विद्यार्थ्याच्या व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरून दाखवावी लागते आणि तिथे पोहोचल्यावर ती दरमहा ठरावीक हप्त्याने हाती येते. तेव्हा ही रक्कम ११,२०८ युरो होती. युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता, म्हणजे दहा लाखांच्या घरात. वडिलांची जमीन सामायिक सातबाऱ्यावर, त्यामुळे तारण अडले. त्या वर्षी ती जाऊ शकली नाही. सप्टेंबर २०२४ पासून तीच रक्कम ११,९०४ युरो झाली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात युरो शंभरीला टेकला. एका वर्षाच्या प्रतीक्षेची किंमत जवळजवळ पावणेदोन लाख रुपये! ते तिने कसे उभे केले ही तिची खासगी बाब आहे. ती २०२५ च्या शरदात गेली. माझ्या तीन पुस्तकांचा त्यात काडीचा उपयोग झाला नाही.

‘साहित्याचे काम व्हिसाची माहिती देणे हे नव्हे’ हा आक्षेप मला पाठ आहे, कारण तो मीच वर्गात शिकवत आलो. माझे म्हणणे नीट समजून घ्यावे. प्रवासवर्णनाने मार्गदर्शिकेची नोकरी पत्करावी असे मी म्हणत नाही. मी म्हणतो ते इतकेच की, बॅगेत काय होते आणि पैसे कोठून आले हे वगळून लिहिलेले प्रवासवर्णन प्रवाशाविषयी खोटे बोलते. अमुक माणूस ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठी उभा राहून हळवा झाला, हे वाक्य खरे आहे की नाही ते मला ठरवता येत नाही, जोवर तो तेथे कोणाच्या खर्चाने उभा होता, परतीचे तिकीट कधीचे होते आणि खिशात किती उरले होते हे मला कळत नाही. सौंदर्यानुभवालाही भाडे पडते. ते कोणीतरी भरलेले असते.

आणि हे काही मी बाहेरून आणलेले तत्त्व नव्हे. मराठी प्रवासलेखनाचा उगमच हिशेबात आहे. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ घ्या. तो परदेशप्रवास नव्हे. पण वरसईच्या माणसाला १८५७ सालचा उत्तर हिंदुस्थान परदेशाहून जवळ होता असे मानण्याचे कारण नाही. हा गृहस्थ घराबाहेर का पडला? कुटुंबावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार, तेथे मोठी दक्षिणा मिळेल, अशी वार्ता आली म्हणून. मिळाले किती, लुटले गेले किती, परत काय आणले, हाच त्या ग्रंथाचा कणा आहे. परतताना त्यांच्यासोबत होती ती गंगाजलाची कावड. झाशीची हकीकत आपण त्यातून उचलून वर्गात शिकवतो आणि कर्ज-दक्षिणेचा भाग ‘पार्श्वभूमी’ म्हणून दोन ओळींत उरकतो. वास्तविक ती हकीकत इतकी विश्वसनीय वाटते, याचे एक कारण सांगणारा माणूस आपल्या पैशांविषयी लपवाछपवी करत नाही, हे आहे.

पुढच्या पिढीत समुद्र ओलांडणाऱ्या दोन स्त्रियांकडे पाहा. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर भाषण करून आपण का जात आहोत याचा खुलासा केला आणि त्यानंतर मदतीच्या रकमा येऊ लागल्या. म्हणजे त्या काळात स्त्रीच्या प्रवासखर्चाची पहिली बाब होती ‘लोकांना उत्तर देणे’. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारी नेसावी की गुजराती धर्तीने नेसावे, हा प्रश्न त्यांच्या पत्रव्यवहारात येतो. वरवर पाहता ही कपड्यांच्या पेटीतली क्षुल्लक बाब आहे. पण त्यात घरचा शब्द, नवऱ्याचे मत, धर्म, हवामान आणि प्रकृती हे सगळे एका वस्त्राच्या लांबीत येऊन बसलेले आहे. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्या. त्यांच्या चरित्राचा अभ्यास करणाऱ्याला पातळाची ती चर्चा वगळता येईल काय?

त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, त्या ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून भाड्याची तजवीज करून. पुढे अमेरिकेत त्यांनी इंग्रजीतून पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून मायदेशी काढावयाच्या शाळेसाठी पैसा उभा केला. १८८९ चे त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ वाचताना जाणवते की ही बाई दुसऱ्याचा देश पाहताना तेथील संस्था कशा चालतात, त्यांना पैसा कोण देते, हे सतत विचारते आहे. स्वतःचे भाडे स्वतः जमवलेल्या माणसालाच हा प्रश्न सुचतो.

आणि आता ज्या उदाहरणापुढे माझे शिकवणे मला फार पोकळ वाटले ते सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. रक्कम दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. हे त्या प्रवासाचे अंदाजपत्रक. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले; स्वतंत्र जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके जहाजासह जर्मन पाणतीराने बुडवली. एका विद्यार्थ्याच्या सामानात सर्वांत मौल्यवान काय होते, हे या एका घटनेतून कळते.

पण मला सांगायचे आहे ते याच्याही आधीचे. १९३५-३६ च्या सुमारास त्यांनी इंग्रजीत काही आठवणी लिहिल्या. त्यांचे शीर्षक ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, म्हणजे व्हिसाच्या प्रतीक्षेत. त्यातला पहिला प्रवास परदेशचा नाहीच. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघालेल्या लहान मुलांचा तो प्रवास आहे. मुलांची तयारी चोख होती. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवी पायताणे, सोबत भरपूर खाद्यपदार्थ. मसूर स्टेशनावर उतरल्यावर जात कळली तेव्हा गाडीवाला मिळेना. अखेर दुप्पट भाडे कबूल करून, आणि गाडी मुलांनी हाकायची व गाडीवानाने चालत यायचे अशा अटीवर, गाडी मिळाली. रात्री डबा उघडला, तर पाणी मिळेना. पाणी नाही म्हणून जेवण नाही. भरलेल्या डब्याशेजारी मुले उपाशी झोपली.

‘प्रवासाला जाताना काय न्यावे आणि किती खर्च धरावा’ या प्रश्नाचे याहून भेदक उत्तर मराठी माणसाने लिहिलेल्या कोणत्याही मजकुरात मला आढळलेले नाही. डबा सर्वांचा सारखा असतो. पाणी सर्वांना सारखे मिळत नाही. भाडे सर्वांना सारखे पडत नाही. यादी आणि अंदाजपत्रक ही दोन्ही प्रवाशाच्या समाजातील स्थानावर ठरतात. आणि त्या शीर्षकातला उपरोध आज व्हिसाच्या रांगेत उभे राहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. आपल्याच देशात ज्याला परक्यासारखे परवानगीची वाट पाहावी लागली, त्याने ते शीर्षक दिले आहे.

मग हा हिशेब मराठी प्रवासवर्णनातून गेला कोठे? माझ्या मते स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत तो हळूहळू बाहेर पडला. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’, गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’, पु. ल. देशपांड्यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) ही पुस्तके मी आजही आवडीने वाचतो. पु.लं.च्या पुस्तकात तयारीची धांदल आहे, पण ती विनोदाचा विषय म्हणून. आणि तो विनोद अस्सल आहे, कारण तो स्वतःवर आहे. घोटाळा केला तो त्यांच्यामागून आलेल्यांनी. त्यांनी विनोद उचलला आणि त्यामागची अडचण टाकून दिली. लोणच्याची बरणी, लाडवांचा डबा, विमानात फुटलेली चटणी या साऱ्यांवर हसून घेणे हा प्रवासवर्णनाचा ठराविक सलामीचा भाग होऊन बसला.

त्या बरणीचा अर्थ तरी आपण शिकवला का? परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या दशकांत, म्हणजे साठ-सत्तरच्या सुमारास, सर्वसाधारण प्रवाशाला देशाबाहेर पडताना जेमतेम आठ डॉलर नेता येत. जूनमध्ये १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर पावणेपाच रुपयांवरून साडेसात रुपयांवर गेला; पण घरी रुपये असून उपयोग नव्हता, ते नेण्याची मुभा नव्हती. आठ डॉलरांत परक्या शहरातले पहिले काही दिवस काढायचे, तर बॅगेतला चिवडा हा जिभेचा चोचला नव्हे. ते खाण्याजोगे परकीय चलन होते! ज्या आईने तो डबा भरला तिने रिझर्व्ह बँकेचे नियम वाचले नसतील, पण त्यांचा अर्थ तिला आमच्या समीक्षकांहून बरा कळला होता. त्या डब्यावर हसणाऱ्या मजकुराला आम्ही ‘खुसखुशीत’ म्हटले.

२००० सालापासून नवा विदेशी चलन कायदा अमलात आला, २००४ साली खासगी व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवण्याची मुभा मिळाली आणि २०१५ पासून ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. बंधन कायद्याचे होते, ते आता ऐपतीचे झाले. डबा मात्र अजून भरला जातो. सहलीच्या जाहिरातींत ‘रोज मराठी जेवण’ हे आकर्षण म्हणून छापले जाते. एकेकाळची निकड आज विकत मिळणारी सोय झाली, हे स्थित्यंतर एखाद्या प्रबंधाचा विषय आहे.

दुसरीकडे आज याद्यांचा सुकाळ झाला आहे. ‘परदेशी जाताना विसरू नका अशा वीस गोष्टी’ या धर्तीचा मजकूर हवा तेवढा मिळतो. माझे भांडण त्याच्याशीही आहे. पूर्वी लेखक होता आणि यादी नव्हती. आता यादी आहे आणि लेखक नाही. ही यादी एका अदृश्य प्रवाशासाठी लिहिलेली असते. तो पुरुष असतो, पगारदार असतो, त्याच्याकडे क्रेडिट कार्ड असते, त्याला मधुमेह नसतो, त्याच्या मागे घरी कोणी अंथरुणाला खिळलेले नसते. बॅग भरणारे हात या यादीतून नाहीसे झालेले असतात. आमच्याकडे असंख्य घरांत पुरुषाची बॅग स्त्री भरते आणि प्रवासवर्णन पुरुष लिहितो. बॅगेत काय आहे हे त्याला तेथे उघडेपर्यंत ठाऊक नसते. मग तो वर्णनात बॅग आणील कशी?

आणि आखाताकडे जाणाऱ्याची यादी कोणी लिहिली? कोकणातल्या कितीतरी गावांची घरे दुबई, मस्कत, कुवेत येथून आलेल्या पैशांवर उभी आहेत. दहावीही न झालेल्या कामगाराच्या पारपत्रावर ‘स्थलांतर-तपासणी आवश्यक’ असा शेरा असतो. १९८३ च्या कायद्याखालील नियमांनी नोंदणीकृत भरती-दलालाला त्याच्याकडून सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये व त्यावरील कर एवढेच घेता येतात. हा आकडा त्याला माहीत असणे हे त्याच्या अंदाजपत्रकातले पहिले कलम आहे. यादीचेही तसेच. दिवाळीला आईने अनारसे करून दिले, वर खसखस लावली. संयुक्त अरब अमिरातीत खसखस प्रतिबंधित वस्तूंत मोडते आणि ती जवळ सापडल्याने माणसे तुरुंगात गेली आहेत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध पूर्वपरवानगीवाचून नेणेही तेथे तसेच धोक्याचे. एक अनारसा माणसाला कोठडीत नेऊ शकतो, हे प्रवासाविषयीचे सत्य आहे की नाही? माझ्या वाचनातल्या एकाही गाजलेल्या प्रवासवर्णनात ते नाही, कारण ज्याच्या बॅगेत ती खसखस असते त्याला आपण ‘प्रवासी’ म्हणत नाही. तो कामाला जातो. प्रवास करतो तो मध्यमवर्ग!

दुसऱ्याला सांगायचे तर आधी स्वतःची वही उघडावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका चर्चासत्रासाठी मी अकरा दिवस जर्मनीत होतो. परतल्यावर एका मासिकासाठी जो लेख लिहिला त्यात नेकार नदी, पानगळ आणि एक म्हातारा व्हायोलिनवादक होता. जे लिहिले नाही ते येथे देतो. व्हिसाचे शुल्क ९० युरो व केंद्राचा आकार मिळून १०,३०० रुपये, किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा सक्तीचा वैद्यकीय विमा १,६००, विमानभाडे ६२,०००, नाशिकहून मुंबईच्या खेपा ३,२००, कोट आणि बूट ४,८००. तेथे दहा रात्रींचे राहणे ५७,०००, जेवण २२,३००, महिन्याचा देशव्यापी रेल्वे-बस पास ४,५००, फोन १,५००, भेटवस्तू ३,५००. एकूण १,७०,७०० रुपये. महाविद्यालयाने दिले १५,०००. उरलेले मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीतून गेले, आणि हे वाक्य लिहिताना आजही मला संकोच होतो.

या आकड्यांकडे जरा पाहा. पहिल्या पाच बाबींची बेरीज ८१,९०० होते. एकूण खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग विमान जमिनीवरून उठण्यापूर्वीच झाला होता. त्यातले व्हिसाचे शुल्क व्हिसा नाकारला गेला असता तरी परत मिळाले नसते. म्हणजे ज्याला आपण ‘प्रवास’ म्हणून वर्णितो त्याच्या आधीच अर्धा प्रवास उरकलेला असतो, आणि तो अर्धा भाग गरिबाला श्रीमंताहून अधिक लांब पडतो. श्रीमंताला बँकेचे खातेपत्रक दाखवायचे असते. गरिबाला ते आधी घडवावे लागते.

सामानाविषयीही माझा अनुभव सांगून ठेवतो, कोणाच्या उपयोगी पडला तर पडो. रोज लागणारी औषधे हातातल्या पिशवीत, त्यांच्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. चिठ्ठीवर व्यापारी नावाऐवजी औषधाचे मूळ नाव असावे, कारण आपल्याकडचे नाव तेथील औषधविक्रेत्याला कळत नाही. फोन चार्ज करण्याची बॅटरी हातातच ठेवावी लागते, मोठ्या बॅगेत टाकता येत नाही. युरोपात दोन गोल खिट्यांचा प्लग चालतो, इंग्लंडात तीन चौकोनी. दूध-मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे पेढे आणि साजूक तूप घरीच. कार्डाने पैसे देताना यंत्र ‘रुपयांत घेऊ का’ असे विचारते. तेव्हा स्थानिक चलनच निवडावे, अन्यथा त्या सौजन्याची किंमत वाईट विनिमयदराने वसूल होते. तो रेल्वेचा पासही खरे तर मासिक वर्गणी असते. महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. आणि जेवढा अंदाज निघेल त्यावर दहावा हिस्सा निराळा ठेवावा. माझा तो हिस्सा बुटांत गेला, कारण घरून नेलेले बूट तिसऱ्या दिवशी पावसात उलले.

हे सगळे त्या मासिकातल्या लेखात लिहिले असते तर पानगळीचे सौंदर्य कमी झाले असते काय? मला वाटते, वाढले असते. फाटक्या बुटांनी पाहिलेली पानगळ निराळी असते. ओले पाय, कोरडे मोजे विकत घ्यावेत की जेवावे हा विचार, आणि समोर पिवळी पाने: हा माझा खरा अनुभव होता. मी त्यातली पाने ठेवली आणि पाय काढून टाकले. आम्ही वर्गात ज्याला ‘लालित्य’ म्हणतो ते पुष्कळदा असेच पाय कापून मिळवलेले असते.

कोणी म्हणेल, हिशेब मांडणे हे मराठी मध्यमवर्गाचे जुनेच व्यसन आहे, त्याला साहित्यात कशाला आणता? त्यावर माझे उत्तर असे की, हा वर्ग घरी पैपैचा हिशेब ठेवतो आणि लिहिताना मात्र पैसा अस्तित्वातच नसल्यासारखा वागतो. हे औदार्य नव्हे, लाज आहे. कोणाचे बोलावणे होते, संस्थेने किती दिले, मुलगा तेथे असल्याने राहण्याचा खर्च वाचला, हे सांगितले की लेखक लहान होतो अशी भीती आहे. मुलाच्या वा मुलीच्या घरी सहा महिने राहून आलेल्या किती आईवडिलांनी ‘अमेरिका’ या विषयावर पुस्तके लिहिली! त्यांतल्या बहुतेकांनी नातवंडे सांभाळली, स्वयंपाक केला, आणि पुस्तकात लिहिला तो नायगारा. त्या घरातल्या श्रमाचे पुस्तक अधिक मोलाचे झाले असते.

म्हणून शिक्षक-मित्रांपुढे तीन सूचना ठेवतो. एक, परीक्षेतला तो प्रश्न बंद करावा. त्याऐवजी कोणतेही एक प्रवासवर्णन देऊन विचारावे: या प्रवासाचा खर्च कोणी केला असावा, बॅग कोणी भरली असावी, आणि लेखकाच्या गैरहजेरीत त्याचे घर कोणी चालवले असावे? मजकुरातून पुराव्यासह उत्तर द्या. दोन, विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून परतलेल्या माणसांच्या याद्या व हिशेबाच्या वह्या जमवायला सांगावे. त्यात सहलीला गेलेले यावेत तसे मस्कतला गवंडीकाम करून आलेलेही यावेत. तीन, जे आपण स्वतः प्रवासवर्णने लिहितो त्यांनी पहिल्याच पानावर पैशांचा उगम सांगावा. मीना प्रभू यांच्यासारख्या लेखिकेने एकटीने केलेल्या प्रवासांतल्या व्यावहारिक अडचणी पुस्तकांत येऊ दिल्या, त्याने त्यांचे वाचक कमी झाले नाहीत.

असो. ती विद्यार्थिनी जाण्यापूर्वी पुन्हा भेटायला आली होती. या वेळी मी पुस्तक दिले नाही. तिची यादी मागून घेतली. शाळेच्या वहीचे जोडपान, दोन रकाने: वस्तू आणि वजन. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगांत सगळे बसवायचे होते. छोटा कुकर, गोडा मसाला, भाजणी, दोन स्वेटर, कागदपत्रांच्या तीन प्रती, मराठी पुस्तके तीन. तुपाच्या नावावर काट मारलेली. शेवटून दुसरी ओळ होती: ‘आजीची गोधडी, २ किलो ४०० ग्रॅम’. तिच्यापुढे आधी प्रश्नचिन्ह होते, मग ते खोडून ‘नेणे’ असे लिहिले होते. मी विचारले, ‘‘एवढं वजन कशाला? तिथे रजई मिळेल ना?’’ ती म्हणाली, ‘‘मिळेल सर. पण महिन्याच्या हप्त्यात रजई बसत नाही. पहिल्या महिन्यात तर नाहीच.’’

त्या कागदाची प्रत तिच्या परवानगीने मी ठेवून घेतली आहे. येत्या सत्रात प्रवासवर्णनाचा पहिला तास तिच्यावरच घेणार आहे.